‘तंबाखू खाता का?’ ‘नाही.’ : एका अक्कलदाढेचं प्रकरण

रुग्णाची ओळख पटू नये म्हणून गाव, वय आणि घरचा काही तपशील बदलला आहे. बाकी जसं घडलं तसं लिहिलं आहे, माझ्या चुकांसकट.

पार्श्वभूमी

बीड जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावी माझा दातांचा दवाखाना आहे. एक खुर्ची, एक मदतनीस मुलगी आणि एका दातापुरतं एक्स-रे मशीन. पूर्ण जबड्याचा एक्स-रे, म्हणजे ओपीजी, हवा असेल तर रुग्णाला बाहेर पाठवावं लागतं.

ही बाई विशी ओलांडून तिशीकडे आलेली. दोन लेकरं, तीन एकर कोरडवाहू, आणि दिवाळीनंतर ऊसतोडीला जायचं. नवरा-बायको मिळून एक कोयता. मुकादमाकडून उचल घेतलेली, म्हणजे गाळप हंगाम सुरू व्हायच्या आधीच पुढच्या पाच-सहा महिन्यांचे श्रम विकून झालेले. दोघांपैकी एक जण आजारी पडला तर कोयता अर्धा होतो आणि खाडा अंगावर येतो. हे मला ऐकून माहीत होतं. पण दाताच्या उपचाराशी त्याचा किती संबंध आहे हे या प्रकरणानं कळलं.

ती पहिल्यांदा आली आषाढात. खालची डावी अक्कलदाढ अर्धीच वर आलेली, पुढच्या दाढेवर तिरकी रेललेली. दाढेवर हिरडीचा पदर तसाच राहिलेला, त्याखाली अन्न अडकून सूज आली होती. आमच्याकडे याला ‘दाढ उठली’ म्हणतात. पदराखाली सलाइननं धुतलं, गोळ्या दिल्या, चार दिवसांत उतार पडला. मी म्हणाले, “परत दुखलं तर या, मग काढून टाकू.”

पुस्तकाप्रमाणे हे बरोबरच होतं. ब्रिटनच्या नाइस या संस्थेची २००० सालची सूचना अशी आहे की त्रास न देणारी अक्कलदाढ काढू नये, आणि हिरडी सुजण्याचा पहिला हल्ला फार तीव्र नसेल तर तेवढ्यावरून दाढ काढायची घाई करू नये. दुसऱ्या हल्ल्यानंतर मात्र काढावी. ‘परत दुखलं तर या’ हे वाक्य मी त्याच आधारावर बोलले. पण परत दुखेल तेव्हा ही बाई कुठे असेल, हे विचारलं नाही.

अडचण

परत दुखलं ते दिवाळीला दहा-बारा दिवस राहिले असताना. तोंड दोन बोटांपलीकडे उघडेना. “मॅडम, लई ठणकायलंय. अन् भाऊबीज झाली की दुसऱ्या दिशी गाडी भरायची हाय आमची.” गाडी म्हणजे मुकादमाचा ट्रक. जायचं होतं कोल्हापूरकडे.

सुजलेल्या, तोंड न उघडणाऱ्या जबड्यात लगेच शस्त्रक्रिया करणं शहाणपणाचं नसतं. आधी संसर्ग आटोक्यात आणायला पाच-सहा दिवस गेले. त्याच दरम्यान ओपीजी झाला. दाढ तिरकी, मुळं दोन, थोडी वाकडी. खालच्या ओठाला संवेदना देणारी नस जिच्यातून जाते ती नळी मुळांपासून सुरक्षित अंतरावर. काढायला अवघड, पण माझ्या आवाक्यातली.

आता गाडी निघायला सहा दिवस उरले होते.

समोरचे पर्याय

सगळ्यात सोपा पर्याय होता थांबण्याचा. गोळ्या द्यायच्या आणि हंगाम संपल्यावर चैत्रात काढायची. पण तीन महिन्यांत दोन हल्ले झाले होते. तिसरा हल्ला उसाच्या फडात, कोपीवर म्हणजे तात्पुरत्या झोपडीत राहताना झाला असता तर? तिथे बाई पहाटे चारला उठते, दिवसभर तोडते, रात्री गाडी भरायची वेळ आली तर भरते. दुखणं अंगावर काढणं हा तिथला नियमच आहे, आणि खालच्या अक्कलदाढेचा संसर्ग अंगावर काढण्यासारखा नसतो. तो जबड्याखाली, गळ्याकडे उतरला तर श्वासावर येतं.

दुसरा पर्याय फक्त पदर कापण्याचा. दाढ सरळ असती तर विचार केला असता. तिरक्या दाढेवरचा पदर पुन्हा वाढतो.

तिसरा पर्याय मला तेव्हा सुचलाच नाही, तो इथे मुद्दाम लिहिते. तिची वरची अक्कलदाढ चावताना खालच्या सुजलेल्या पदरावर आदळत होती. नुसती वरची काढली असती तर पाच-दहा मिनिटांचं काम होतं, जखम लवकर भरते, वरच्या जबड्यात गुंतागुंतही कमी. खालची दाढ चैत्रापर्यंत बहुधा शांत राहिली असती. वेळ मारून नेण्याचा हा जुना आणि चांगला उपाय आहे.

चौथा, संभाजीनगरच्या शासकीय दंत महाविद्यालयात पाठवणं. तिथे हे काम रोजचं आहे. पण जाणं-येणं, तपासणी, मग शस्त्रक्रियेची तारीख, मग टाके, हे सगळं सहा दिवसांत बसेल याची खात्री नव्हती. नवरा म्हणाला, “मॅडम, तुमीच काडून टाका. सणासुदीचं तिकडं कोन भेटंल?”

पाचवा पर्याय, आत्ताच काढणं. आम्ही तो निवडला.

काय केलं

वसुबारसेच्या दिवशी दुपारी चारला तिला घेतलं. हिरडी उघडली, दाढेभोवतीचं थोडं हाड काढलं, दाढेचे दोन तुकडे करून बाहेर काढली, तीन टाके घातले. अर्ध्या तासाचं काम म्हणून सुरू केलेलं पन्नास मिनिटांवर गेलं. जितकी ओढाताण जास्त, तितका पुढचा त्रास व्हायचा धोका जास्त, हे तेव्हाही डोक्यात होतं.

शस्त्रक्रियेआधी नेहमीचे प्रश्न विचारले होते. बीपी, साखर, दमा, कुठल्या औषधाची ॲलर्जी. पाळणा लांबवायच्या माला-डीसारख्या गोळ्या चालू आहेत का, कारण त्यातल्या इस्ट्रोजेनमुळेही दाढेचा खड्डा कोरडा पडण्याचा धोका वाढतो. नव्हत्या. आणि मग, “तंबाखू खाता का?”

“नाही.”

मी कागदावर ‘नाही’ लिहिलं.

मग माझ्या मदतनीस मुलीनं सूचनांचा छापील कागद दिला आणि वाचूनही दाखवला. तो कागद मी कॉलेजातून बाहेर पडल्यापासून तोच वापरत होते. त्यावर लिहिलं होतं: कापसाचा बोळा अर्धा-पाऊण तास दाबून धरा. बर्फानं शेका. आइस्क्रीम, मिल्कशेक घ्या. पहिला दिवस चूळ भरू नका, थुंकू नका. दुसऱ्या दिवसापासून कोमट मिठाच्या पाण्याच्या गुळण्या करा. तंबाखू, सिगारेट बंद.

ज्या घरात फ्रिज नाही त्या घराला मी मिल्कशेक सांगत होते. आज तो कागद वाचताना लाज वाटते.

सहा वाजता ती जीपमधून गावाकडे निघाली. पंचवीसेक किलोमीटर रस्ता, खड्ड्यांचा.

लक्ष्मीपूजनाची रात्र

दाढ काढल्यावर खड्ड्यात रक्ताची गाठ बसते. ती गाठ म्हणजे निसर्गानं घातलेलं झाकण. तिच्याखाली नवं मांस आणि नंतर हाड भरतं. गाठ पहिल्या काही दिवसांत विरघळली किंवा निघून गेली, तर हाड उघडं पडतं. यालाच ड्राय सॉकेट म्हणतात. क्रॉफर्ड नावाच्या अमेरिकन दंतवैद्यानं १८९६ साली या दुखण्याला हे नाव दिलं. साध्या दाढा काढल्यावर शंभरात एक ते पाच जणांना हे होतं. खालच्या अडकलेल्या अक्कलदाढेत मात्र हा आकडा तीसपर्यंत गेल्याचं नोंदलेलं आहे. त्याची खूण अशी की पहिले दोन दिवस बरे जातात आणि आता सुटलो असं वाटत असताना कळ सुरू होते, कानापर्यंत जाणारी. तोंडाला घाण वास येतो. ताप बहुधा नसतो, पूही नसतो.

हिला कळ सुरू झाली तिसऱ्या दिवशी, लक्ष्मीपूजनाच्या रात्री. दवाखाना बंद, मी सासरी. माझा नंबर कागदावर होता, पण सणाच्या रात्री डॉक्टरीणबाईला फोन कसा करायचा, म्हणून त्यांनी केला नाही. आत्याबाईंनी, म्हणजे तिच्या सासूनं, लवंग वाटून खड्ड्यात भरली आणि गरम विटेचा शेक दिला. पाडव्याला नवऱ्यानं मेडिकलवरून ‘दाढेची जोरदार गोळी’ आणली. ती होती डायक्लोफिनॅक आणि एक प्रतिजैविक. मी दिलेली आयबुप्रोफेन चालूच होती. दोन्ही एकाच जातीच्या वेदनाशामक गोळ्या, पोटात धड अन्न नाही. भाऊबीजेच्या सकाळी फोन आला तो दाढेसाठी कमी आणि पोटातल्या आगीसाठी जास्त.

फोनवर मी आधी बाकीचं विचारून घेतलं. ताप आहे का, थुंकी गिळता येते का, जबड्याखाली किंवा गळ्यावर टणक सूज आहे का, जीभ वर उचलल्यासारखी वाटते का, श्वास घ्यायला त्रास आहे का. यातल्या एकाचंही उत्तर ‘हो’ आलं असतं तर दवाखान्यात बोलावलंच नसतं, थेट अंबाजोगाईच्या स्वामी रामानंद तीर्थ वैद्यकीय महाविद्यालयात जायला सांगितलं असतं. सगळी उत्तरं ‘नाही’ होती. मी दवाखाना उघडला.

खड्डा रिकामा. तळाशी करडं हाड आणि लवंगेचा भुगा. आणि हिरडीच्या कडेला काळी बारीक पूड.

“हे काळं काय आहे ताई?”

“मिसरी असंल.”

“तुम्ही तर तंबाखू नाही म्हणालात.”

“तंबाकू कुठं खाते मी? मिसरी लावते. ती का तंबाकू हाय?”

तिनं खोटं सांगितलं नव्हतं. तंबाखू ‘खातात’ पुरुष, चुना मळून. बायका मिसरी ‘लावतात’. तव्यावर काळी होईस्तोवर भाजलेली तंबाखूची पूड, सकाळी बोटानं दातांना घासायची. ती लावल्याशिवाय पोट साफ होत नाही असं कितीतरी बायका सांगतात. २०१६-१७ च्या जागतिक प्रौढ तंबाखू सर्वेक्षणात महाराष्ट्रातल्या १७ टक्के स्त्रिया कुठल्या ना कुठल्या रूपात तंबाखू वापरतात असं आढळलं. माझ्या कागदावरच्या नोंदीत असा एकही आकडा दिसला नसता, कारण माझा प्रश्नच पुरुषांसाठी घडवलेला होता.

मग मी तिला वसुबारसेपासून एकेक तास विचारत गेले. जीपमध्ये ती वाटभर खिडकीतून थुंकत गेली होती, कारण रक्त गिळलं तर बाधतं असं सोबतच्या बाईनं सांगितलं. धनत्रयोदशीला पहाटे उठून मिसरी लावली आणि खळखळून चूळ भरली. “कागदावर पयला दिवसच लिहिलाय की, मॅडम. मी दुसऱ्या दिशी भरली.” दाढ निघाली होती पाच वाजता. तिचा दुसरा दिवस उजाडला तो बारा-तेरा तासांनी. मला म्हणायचे होते चोवीस तास.

गाठ नक्की कशामुळे गेली हे सांगता येणार नाही. थुंकण्यानं आणि चूळ भरण्यानं ती ओढली गेली असेल, मिसरीतल्या निकोटिननं रक्तवाहिन्या आकसून मुळात नीट धरलीच नसेल, किंवा माझी पन्नास मिनिटांची ओढाताण कारण असेल. मिसरीवर सगळं खापर फोडणं मला सोयीचं होतं.

उरलेले चोवीस तास

उपचार अवघड नव्हता. कोमट सलाइननं खड्डा धुतला, लवंगेच्या तेलातलं जे मुख्य द्रव्य असतं त्या युजेनॉलचं औषध भरलं. आत्याबाईंची लवंग तत्त्वतः चुकीची नव्हती, तिचा भुगा चुकीचा होता. तासाभरात कळ बसली आणि ती भिंतीला टेकून झोपली. प्रतिजैविक बंद केलं, कारण हा संसर्ग नाही. डायक्लोफिनॅक बंद, पोटासाठी एक गोळी, आणि दुखण्यासाठी जेवण करून पॅरासिटामॉल.

खरा प्रश्न दुसऱ्या दिवशीचा होता. असं औषध एक-दोन दिवसांनी बदलावं लागतं. औषधात भिजवलेली पट्टी खड्ड्यात ठेवली आणि ती काढायला कुणी नसलं, तर तीच नवं दुखणं बनते. मी नवऱ्याला विचारलं, ती चार दिवस मागे राहून नंतर येऊ शकेल का. तो बराच वेळ गप्प होता. मग म्हणाला, “मुकादमाला इचारून बघतो.” विचारलं की नाही मला माहीत नाही. रात्री त्याचा फोन आला, दोघंही जाणार.

ट्रक सकाळी नऊला निघणार होता. मी तिला सातला बोलावलं. पट्टी काढली, धुतलं, पट्टीविना थोडं मलम ठेवलं, जे आपोआप निघून जाईल. टाके तसे सहाव्या दिवशी काढायला थोडे लवकरच, पण काढून टाकले. मग तिला आरशासमोर उभं करून सुई नसलेली दहा मिलिलिटरची सिरिंज वापरायला शिकवली. उकळून गार केलेलं मिठाचं पाणी, जेवणानंतर, हळू, खड्ड्याच्या दिशेनं. कोपीवर पाणी कालव्याचं किंवा बोअरचं असतं, म्हणून ‘उकळून’ हा शब्द तीनदा सांगितला. चार सिरिंजा दिल्या. एका चिठ्ठीवर कुठली दाढ, कधी काढली, काय झालं, हे लिहून दिलं, म्हणजे तिकडच्या कुणा डॉक्टरला दाखवावं लागलं तर सुरुवातीपासून सांगायला नको.

आणि ऊस खायचा नाही. यावर ती पहिल्यांदा हसली. फडात राहून ऊस खायचा नाही! पण खालच्या अक्कलदाढेसाठी हाड काढलेलं असलं की जबडा काही आठवडे त्या जागी कमजोर राहतो. क्वचितच, पण दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यात कडक काही चावताना तिथे तो मोडल्याची उदाहरणं आहेत. दीड महिना ऊस सोलून दातानं तोडायचा नाही, असं ठरलं.

निष्पत्ती

आठव्या दिवशी मी फोन केला. कळ होती, पण झोप लागत होती. बाराव्या दिवशी गोळी बंद. सिरिंज ती बाविसाव्या दिवसापर्यंत वापरत होती, त्यात तिच्या शेजारच्या कोपीतल्या बाईनंही आपला किडका दात धुऊन घेतला. खाडा दीड दिवसाचा पडला. मिसरी तिनं तीन दिवस सोडली, चौथ्या दिवशी सुरू केली. फोनवर हे सांगताना तिचा आवाज बारीक झाला होता, तेव्हा मी रागावले नाही.

चैत्रात ती परत आली तेव्हा जागा भरली होती. ओठ, जीभ कुठेही बधिरपणा नव्हता.

पुन्हा करायचं झालं तर

दाढ दिवाळीत काढली ही चूक होती का, यावर मी बराच विचार केला. सहा दिवसांत काढणं धोक्याचं होतं, पण खरी वेळ आषाढात होती. तेव्हा तिच्या हातात तीन महिने होते, खड्डा भरायला, काही बिघडलं तर परत यायला. सूचनेप्रमाणे पहिल्या हल्ल्यात काढू नये हे मला आजही मान्य आहे. पण ‘दुसऱ्या हल्ल्याची वाट बघू’ हा सल्ला ज्याला दवाखाना वर्षभर जवळ आहे त्याच्यासाठी आहे. निदान तिला तेव्हा दोन्ही बाजू सांगून निवडू द्यायला हवं होतं. आता ऊसतोडीला जाणाऱ्या माणसाच्या कार्डावर वर एका कोपऱ्यात मी ‘गाडी कधी?’ लिहिते, आणि आषाढ-श्रावणातच तो विषय काढते.

दिवाळीतच काढायची होती, तर तिसरा-चौथा दिवस सणात येतो हे कॅलेंडर बघून कळायला हवं होतं. ड्राय सॉकेट तारीख सांगून येतं म्हणायला हरकत नाही. आता तिसऱ्या दिवशी फोन आम्हीच करतो, रुग्णाची वाट बघत नाही. दाढ सकाळी काढतो, म्हणजे रक्त थांबलं की नाही हे उजेडात कळतं. निघण्याआधी अर्धा तास बाकावर बसवून बोळा पुन्हा बघतो, आणि थुंकी गिळायला लावतो, रक्त मिसळलेली असली तरी. शस्त्रक्रियेच्या आधी आणि दुसऱ्या दिवसापासून क्लोरहेक्सिडिनचं औषधी पाणी देतो. त्यानं ड्राय सॉकेटचा धोका कमी होतो याला बऱ्यापैकी पुरावा आहे, आणि मी ते तिला दिलं नव्हतं, कारण बाटलीचे पैसे वाचवावेत असं मला तिच्या वतीनं वाटलं.

कागद नवा छापला. ‘पहिला दिवस’ काढून तिथे घड्याळ काढलं आहे आणि मदतनीस मुलगी पेनानं काटे भरते, ‘उद्या इतके वाजेपर्यंत’. मिल्कशेक गेला, ज्वारीची आंबील आणि दुधात कुस्करलेली भाकरी आली, ठेचा आणि शेंगदाणे आठवडाभर बंद. बर्फाच्या जागी किराणा दुकानातली पेप्सी, म्हणजे लेकरं चोखतात ती बर्फाची नळी, टॉवेलात गुंडाळून गालावर, फक्त पहिला दिवस. गरम विटेचा शेक नको, हेही लिहिलं आहे, कारण तो देणारी आत्याबाई कागद वाचत नसली तरी सून वाचते.

तंबाखूचा प्रश्न कागदावरून काढला. आता मी विचारते, “सकाळी उठल्यावर दाताला काय लावता?”

चैत्रात तिनं स्वतःच उजवी बाजू दाखवली. “हीबी काडा. आवंदा फडात दुखली मंजी?” ती दाढ कधी सुजली नव्हती, त्यामुळे मी आधी नाही म्हणाले. पण एक्स-रेत पुढच्या दाढेला मागून कीड लागायला सुरुवात झालेली दिसली, अन्न अडकून. मग कारण होतं. वैशाखात, सकाळी दहाला काढली. मिसरीवर आमची घासाघीस झाली. मी सात दिवस मागितले, ती तीनवर होती, सौदा पाचवर ठरला. मिसरीची डबी तिनं आत्याबाईंकडे ठेवायला दिली. तिसऱ्या दिवशी आम्ही फोन केला, दुखत नव्हतं. पाचव्या दिवशी दाखवायला आली, खड्डा गुलाबी होता. एका दाढेवरून काही सिद्ध होत नाही, ही दाढ तशी सोपीही होती, पंचवीस मिनिटांत निघालेली.

सहाव्या दिवशी सकाळी तिनं आत्याबाईंकडून डबी परत घेतली. हे तिनंच सांगितलं, टाके काढायला आली तेव्हा, मी विचारायच्या आधी.